धंतोलीतले दोन किलोमीटर

सकाळी अकराच्या सुमारास धंतोलीतल्या कुठल्याही रस्त्यावर उभ्या गाड्यांचे नंबर वाचत चालावं. एमएच ३२ वर्ध्याची, २९ यवतमाळची, ३४ चंद्रपूरची, ३३ गडचिरोलीची, ३५ गोंदियाची. मधूनच एमपी २८ छिंदवाड्याची, एमपी ५० बालाघाटची, एमपी २२ सिवनीची, एमपी ४८ बैतूलची. पश्चिमेला वर्धा रोड आणि पूर्वेला रेल्वेचे रूळ यांच्यामधल्या या जुन्या वस्तीत १९२८ पासूनचा रामकृष्ण मठ आहे, बाग आहे, यशवंत स्टेडियम आहे. पण बाहेरगावच्या माणसाला धंतोली माहीत असते ती दवाखान्यांमुळे. विदर्भात आणि सीमेपलीकडच्या जिल्ह्यांत ‘धंतोलीत नेलं’ एवढं म्हटलं की दुखणं साधं नाही, हे ऐकणाऱ्याला कळतं.

पेशंट घेऊन निघालेल्या गाडीला दवाखान्यातून फोन जातो तेव्हा प्रश्न वेळेचा असतो. किती वेळात पोहोचाल? पलीकडून उत्तर येतं, “अजनीपाशी येऊन राहिलो, पाच मिनिटांत पोहोचतो.” गाडी दारात लागते तेव्हा वीस मिनिटं उलटलेली असतात. उत्तर देणारा खोटं बोललेला नसतो. अंतर त्याने बरोबर धरलेलं असतं, वेगाचा काटाही त्याच्या डोळ्यांसमोर असतो. चुकतो तो भागाकार, आणि तो फार जणांचा चुकतो.

खरं तर हे गणित सगळ्यांच्या ओळखीचं आहे. स्कॉलरशिपच्या परीक्षेपासून एमपीएससीपर्यंत ‘काळ, काम, वेग’ विद्यार्थ्यांची पाठ सोडत नाहीत. खांब ओलांडणारी आगगाडी येते, प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव येते, ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर ५/१८ ने गुणायचं हेही तोंडपाठ असतं. तरी १२० किलोमीटरवरच्या गावाला जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० वेग असेल तर सरासरी किती, असं विचारलं की चांगली शिकलेली माणसं ५० म्हणून मोकळी होतात. उत्तर ४८ आहे. जाताना दोन तास, येताना तीन. २४० किलोमीटरला पाच तास. हळू टप्पा जास्त वेळ चालतो, म्हणून सरासरीत त्याचं वजन जास्त पडतं. ५० आणि ४८ मधला फरक किरकोळ वाटेल. पण तेवढंच अंतर एका वेळी ताशी १२० ने आणि दुसऱ्या वेळी ताशी ८ ने कापलं, तर सरासरी ६४ येत नाही. ती १५ येते.

मुलांना आधी काय कळतं, वेळ की वेग? हा प्रश्न अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना विचारला होता. पियाजे पुढे अनेक वर्षं त्यामागे लागले आणि १९४६ मध्ये मुलांच्या गती आणि वेगाच्या कल्पनांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यातला बोगद्यांचा प्रयोग फार बोलका आहे. एक बोगदा लांब, एक आखूड. दोन बाहुल्या एकाच क्षणी आत शिरतात आणि एकाच क्षणी बाहेर पडतात. लहान मुलं मान्य करतात की एक बोगदा लांब आहे. तरीही दोन्ही बाहुल्या सारख्याच वेगाने गेल्या असं सांगतात, कारण त्या बरोबर बाहेर आल्या. जे नजरेत भरतं त्यावरून मूल वेग ठरवतं. मोठ्या माणसाच्या नजरेत गाडीचा काटा भरतो, एवढाच फरक.

धंतोलीपासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर झिरो माइलचा दगड आहे. मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातून १९०७ मध्ये तो उभा राहिला. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२०.१७१ फूट, आणि षट्कोनी चौथऱ्यावर गावांची अंतरं कोरलेली आहेत. सिवनी ७९ मैल, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. आज धंतोलीत ज्यांच्या गाड्या उभ्या असतात, तीच ही गावं! छिंदवाड्याचे ८३ मैल म्हणजे सुमारे १३४ किलोमीटर. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते आणि बैलांना रात्री विसावा लागतो, हे धरलं तर तेव्हा हा चार-पाच दिवसांचा प्रवास होता. आज तो तीनेक तासांत होतो. दगडावरचा आकडा मात्र एका अंकानेही बदललेला नाही. अंतर कोरून ठेवता येतं, वेळ तशी कोरता येत नाही. ती रस्त्यावर, वाहनावर आणि पुढे कोण उभं आहे यावर ठरते.

वेळ मोजण्यासाठी दोन्ही टोकांना एकच घड्याळ लागतं, ही गोष्ट तर रेल्वेने शिकवली. नागपूरला आगगाडी आली १८६७ मध्ये. तेव्हा प्रत्येक गाव सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले असं धरत असे. नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांचं अंतर आहे; एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने सूर्य मुंबईच्या डोक्यावर पंचवीस मिनिटांनी उशिरा येतो. नागपूरच्या घड्याळाने निघून मुंबईच्या घड्याळाने पोहोचणाऱ्याला प्रवास पंचवीस मिनिटांनी लहान झालेला दिसला असता. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली, आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहर स्वतःच्या वेळेला त्यानंतरही बरीच वर्षं चिकटून होतं.

भास्कराचार्यांपर्यंत मागे गेलं तर या विषयाचा गाभाच हाती लागतो. ‘लीलावती’ हा त्यांच्या ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग. लीलावतीतलं मोर आणि सापाचं उदाहरण अनेकांनी ऐकलेलं असतं. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे, आणि साप सत्तावीस हात अंतरावरून बिळाकडे येतो आहे. मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. गाठ कुठे पडेल? बिळापासून बारा हातांवर. मोराची झेप पंधरा हात, सापाची चालही पंधरा हात. सारखा वेग आणि सारखी वेळ, म्हणून अंतरंही सारखी. बाकीचं काम काटकोन त्रिकोण करतो.

त्याहून मोठी गोष्ट त्यांनी ग्रहगणितात सांगितली. कालच्या सूर्योदयाला ग्रह कुठे होता आणि आज कुठे आहे, यातल्या फरकावरून निघते ती दिवसाची सरासरी गती. ती ढोबळ कामाला पुरते. पण चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथी नेमकी कधी संपते हे काढायला त्या क्षणाची गती हवी. तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटलं. पुढे युरोपात कलनशास्त्र ज्या प्रश्नातून वाढलं, त्याच्या उंबरठ्यावरचा हा विचार आहे आणि तो पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकण्याजोगा नाही. गाडीचा काटा दाखवतो ती तात्कालिक गती. दवाखान्याच्या दारात पोहोचण्याची वेळ ठरते ती सरासरी गतीने. या दोन वेगांत गल्लत झाली की ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ हे उत्तर तयार होतं.

धंतोलीला लागूनच असलेल्या अजनी स्थानकावरून १० ऑगस्ट २०२५ पासून पुण्याला वंदे भारत जाते. ८८१ किलोमीटर, बारा तास. भागाकार केला तर ताशी सुमारे ७३ किलोमीटर. हीच गाडी ताशी १६० ने धावू शकेल अशी बांधलेली आहे. त्या वेगाने एकदाही न थांबता गेली तर पुणं साडेपाच तासांत यावं. मग उरलेले साडेसहा तास जातात कुठे? वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, जळगाव, मनमाड अशा थांब्यांत जातात. थांब्याआधी वेग उतरवण्यात आणि नंतर तो पुन्हा चढवण्यात जातात. वळणांवर, जंक्शनांतल्या सांध्यांवर, रुळांची क्षमता कमी असलेल्या पट्ट्यांवर जातात. नागपूर-बिलासपूर वंदे भारतचंही तेच: ४१२ किलोमीटर, साडेपाच तास, ताशी ७५. गाडीचं नाक कितीही निमुळतं केलं तरी हे तास परत मिळत नाहीत. ते मिळतात रूळ, सिग्नल आणि सांधे सुधारले की. जाहिरातीत मात्र नेहमी सर्वांत मोठा वेग छापतात.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने विदर्भाला खरोखर जवळ आणलं, हे आधी मान्य करायला हवं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला. ७०१ किलोमीटर, पूर्वीच्या सोळा तासांच्या जागी आठ. छोट्या गाड्यांना कमाल वेग ताशी १२०. या रस्त्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये वेग पकडायला सातवीतलं सूत्रच वापरलं. आत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि दोन नाक्यांमधलं अंतर एवढं पुरतं. ताशी १२० च्या आत राहून शिर्डी ते नागपूर ४ तास २० मिनिटांपेक्षा लवकर होऊच शकत नाही. झालं, तर चालकाने मर्यादा मोडली हे घड्याळच सांगतं. अशा चालकांना थांबवून त्यांचं समुपदेशन केलं गेलं. कुठल्याही क्षणी काटा किती होता याचा पुरावा लागत नाही, ही त्यातली गंमत.

पण पेशंट गाडीत असला की माणूस काटा वर नेतोच. शंभरवर समाधान होत नाही, एकशेवीस, मग त्याच्याही पुढे. त्याचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहू. साठ किलोमीटरचा पट्टा ताशी १०० ने ३६ मिनिटांत संपतो, ताशी १२० ने ३० मिनिटांत. वाचली सहा मिनिटं. बदल्यात काय दिलं? १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तरी पन्नास मीटर संपलेले असतात, आणि ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर शंभरच्या तुलनेत ४४ टक्क्यांनी वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं.

आता तीच गाडी वर्धा रोडवरून राहाटे कॉलनी चौक ओलांडून धंतोलीत शिरते. दोन किलोमीटर उरले आहेत. गर्दीत ताशी ८ ने ते पंधरा मिनिटांत होतात. रस्ता जरा मोकळा असता आणि ताशी २० मिळाले असते, तर सहा मिनिटांत झाले असते. वीसचा वेग म्हणजे सायकलवाल्याचा. तेवढ्याने नऊ मिनिटं वाचतात; महामार्गावर जीव धोक्यात घालून वाचवलेल्या सहांपेक्षा तीन जास्त. इथे गेलेली ही नऊ मिनिटं त्या साठ किलोमीटरांत भरून काढायची म्हटली, तर गाडी सतत ताशी १३३ ने हाकावी लागेल.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी माणसांच्या याच अंदाजांचा अभ्यास केला. आधीच मोठा असलेला वेग आणखी वाढवल्याने वाचणारी वेळ माणसं फुगवून धरतात, आणि कमी वेग थोडा वाढवल्याने वाचणारी वेळ कमी लेखतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. सरकारं माणसांचीच असतात. महामार्गाची रुंदी वाढवायला पैसा सापडतो. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली गाडी हलवायला माणूस सापडत नाही.

धंतोलीचे रस्ते बंगल्यांसाठी आखले गेले. एका प्लॉटवर एक घर, एका घरात एखादं वाहन, अशी ती कल्पना होती. त्याच प्लॉटवर दवाखाना उभा राहिला की डॉक्टर, कर्मचारी, पेशंट, त्याचे चार नातेवाईक, डबा आणणारा, औषधाचं दुकान, तपासणीची प्रयोगशाळा, ऑटो, फळवाला असं सगळं त्याच रस्त्यावर येतं. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे उरते एका गाडीची वाट, आणि त्या वाटेवर एकजण “दोन मिनिटांत येतो” म्हणून थांबला की मागची रांग मेहाडिया चौकापर्यंत जाते. तिथल्या रहिवाशांनी हे वर्षानुवर्षं सोसलं आहे. धंतोली नागरिक मंडळाने हा प्रश्न जनहित याचिका करून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला. त्यांची तक्रार घरातून बाहेर पडता येत नाही ही होती, आणि ती रास्तच आहे. पण जो आत पोहोचू शकत नाही त्याचं नुकसान त्याहून मोठं आहे.

कारण दवाखान्यातली घड्याळं फार निष्ठुर आहेत. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून लकवा झाला तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवा, रक्त तपासणी हवी. म्हणजे दारात पोहोचायला मुळात तीन-साडेतीन तासच हातात असतात. अशा मोठ्या झटक्यात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब अमेरिकन मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. धंतोलीतल्या त्या नऊ मिनिटांना हा आकडा लावला तर १ कोटी ७१ लाख होतात. कोणाचा उजवा हात, कोणाचं बोलणं त्यात जातं. अपघाताच्या जखमीसाठी तर पहिल्या एका तासाला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच ‘गोल्डन अवर’ म्हणून जागा दिली आहे.

अवयवदानाच्या वेळी मात्र हेच शहर वेगळं वागतं. शरीराबाहेर काढलेलं हृदय साधारण चार तास टिकतं. नागपूरहून मुंबईला ते रस्त्याने न्यायचं तर ७०१ भागिले ४, म्हणजे ताशी १७५ किलोमीटरचा वेग लागेल. १२० ने न थांबता गेलं तरी ५ तास ५० मिनिटं. म्हणून विमान. आणि विमानतळापर्यंत ग्रीन कॉरिडॉर. पोलीस त्यात रुग्णवाहिकेला अफाट वेगाने पळवत नाहीत, ते तिचं थांबणं काढून टाकतात. प्रत्येक चौकात आधीपासून माणूस उभा, सिग्नल हिरवा, आडवी वाहतूक रोखलेली. कमाल वेग तोच, शून्याचे टप्पे गेले, आणि वर्धा रोड एरवीच्या निम्म्याहून कमी वेळात पार होतो. हे जमतं हे नागपूरने अनेकदा दाखवलं आहे. दररोज येणाऱ्या शेकडो पेशंटांसाठी प्रत्येक चौक रोखता येणार नाही, हे खरं. पण दवाखान्यांच्या रस्त्याची एक बाजू चोवीस तास रिकामी ठेवणं ही अशक्य मागणी नाही.

महापालिकेने आणि वाहतूक पोलिसांनी आधी एक साधं काम करावं. राहाटे कॉलनी चौकातून आणि लोकमत चौकातून धंतोलीतल्या दवाखान्यांच्या दारापर्यंत सकाळी दहा, दुपारी एक आणि संध्याकाळी सात वाजता किती मिनिटं लागतात, ते रोज मोजून फलकावर लावावं. मीटर सगळ्यांना ठाऊक आहेत. मिनिटं कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्यांचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. दवाखान्यांनी आपल्या तळघरात औषधाचं दुकान किंवा प्रयोगशाळा न चालवता गाड्या लावू द्याव्यात. भेटायला येणाऱ्यांनी चारचाकी घरी ठेवावी. वर्धा रोडवरून मेट्रो मार्च २०१९ पासून धावते आहे आणि काँग्रेसनगरचं स्थानक धंतोलीला खेटून आहे. पेशंट घेऊन निघणाऱ्यांनी महामार्गावर शंभरच्या आत राहावं, निघतानाच दवाखान्याला फोन करून कोणत्या फाटकातून आत यायचं ते विचारावं आणि शहरातल्या ओळखीच्या एखाद्याला आधीच त्या फाटकावर उभं करावं. आणि धंतोलीत औषध घ्यायला दोन मिनिटांसाठी उतरणाऱ्याने, कृपा करून, गाडी कोपऱ्यावर सोडू नये.